माडीवरचा ग्रंथभार
(शताब्दी व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा मजकूर)



शताब्दीच्या व्याख्यानमालेत मराठीच्या अध्यापकाने संतवाङ्मयावर अथवा नवकथेवर बोलावे, अशी श्रोत्यांची अपेक्षा असणे स्वाभाविक आहे. मी आज तुळया, खांब आणि त्यांच्यावर पडणारा भार यांविषयी बोलणार आहे. विषय स्थापत्यशास्त्राचा आहे आणि मी स्थापत्यशास्त्राचा पदवीधर नाही. जाणकारांच्या ग्रंथांतून व शासकीय मानकांतून जे समजून घेता आले, तेवढेच आपल्यापुढे मांडणार आहे. ग्रंथाला अर्थ असतो तसे वजनही असते. त्याच्या अर्थाची चर्चा या वास्तूत शंभर वर्षे झाली. त्याच्या वजनाची चर्चा मात्र कधी फारशी झालेली नाही.

ती आजच करण्यास कारण आहे. बडोद्यास विश्वामित्रीच्या पुराची धास्ती नवी नाही. २०१९ च्या जुलैअखेरीस आणि पुन्हा २०२४ च्या ऑगस्टअखेरीस शहराच्या फार मोठ्या भागात पाणी शिरले. तेव्हापासून आपल्या सभासदांकडून एक सूचना वारंवार येत आहे, ती अशी की तळमजल्यावरील जुनी मासिके, वृत्तपत्रांच्या बांधीव फायली आणि दुर्मिळ ग्रंथ माडीवरील वाचनकक्षात हलवावेत. या सूचनेमागील कळकळ मोलाची आहे. पाण्यापासून ग्रंथ वाचवायचा तर तो उंचावर नेला पाहिजे, हे कोणीही मान्य करील. परंतु वर नेलेला ग्रंथ कशावर उभा राहणार, हा प्रश्न त्या सूचनेत विचारलेला नाही. पुराचे पाणी दिसते आणि त्याची वार्ता आधी येते. तुळईवरचा भार दिसत नाही. तो दरवर्षी थोडाथोडा वाढत जातो आणि तिची सहनशक्ती संपली की एकाच क्षणी सर्व काही खाली येते.

भाषेच्या अभ्यासकाला ‘तुळई’ हा शब्द प्रथम थांबवतो. संस्कृतात ‘तुला’ म्हणजे तराजू, आणि ‘तुला’ म्हणजेच घराच्या छताखालची आडवी तुळईही. सहाव्या शतकातील वराहमिहिराने ‘बृहत्संहिते’च्या वास्तुविद्येच्या अध्यायात भारतुला, तुला आणि उपतुला असे भेद सांगून त्यांच्या जाडीची प्रमाणे दिली आहेत. भारतुलेची जाडी खांबाइतकी असावी आणि तिच्यावरील तुला व उपतुला क्रमाने चतुर्थांशाने कमी होत जाव्यात, असा त्याचा नियम आहे. भार वाहणारी वस्तू आणि भार मोजणारी वस्तू या दोघींना आपल्या पूर्वजांनी एकच नाव दिले, ही गोष्ट मला अर्थपूर्ण वाटते. जी वाहते तिच्याकडून मोजूनच वाहून घ्यावे, असे तो शब्द आपल्याला सुचवतो.

आपल्या वाड्यांची रचना या दृष्टीने पाहण्याजोगी आहे. माडीवर ठेवलेले कपाट प्रथम पाटावर, म्हणजे फळ्यांवर, भार टाकते. फळ्या तो कड्यांवर टाकतात, कड्या तुळईवर, तुळई भिंतीवर अथवा खांबावर, खांब तळखड्यावर आणि तळखडा पायावर. या साखळीत जो दुवा सर्वांत दुबळा, तीच सर्व साखळीची ताकद. तेव्हा ‘आमच्या तुळया अस्सल सागवानी आहेत’ हे उत्तर अपुरे आहे. लाकडाची जात हा उत्तराचा एक भाग झाला. उरलेले भाग आपण क्रमाने पाहू.

पहिला भाग तुळईच्या मापांचा. गॅलिलिओने १६३८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या अखेरच्या मोठ्या ग्रंथात भिंतीत रोवलेल्या आणि टोकाला वजन टांगलेल्या लाकडी तुळईचा विचार केला आहे. तुळई नेमकी किती भार पेलील याचे त्याचे गणित पुढील शास्त्रज्ञांना दुरुस्त करावे लागले. परंतु त्याने शोधलेले प्रमाण आजही टिकून आहे. तुळईची ताकद तिच्या रुंदीच्या प्रमाणात वाढते, पण उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. १५ सेंटिमीटर रुंद आणि २५ सेंटिमीटर उंच तुळई आडवी पाडून बसवली, तर लाकूड तेवढेच राहूनही तिची ताकद ६० टक्क्यांवर येते. तिची उंची ५ सेंटिमीटरने वाढवली तर ताकद ४४ टक्क्यांनी वाढते. तेच ५ सेंटिमीटर रुंदीत घातले तर लाकूड अधिक लागूनही वाढ ३३ टक्क्यांचीच होते. आपल्या सुतारांनी तुळया उभ्या धरून बसवल्या, त्या हे गणित अनुभवाने जाणूनच.

दुसरा भाग गाळ्याचा, म्हणजे दोन आधारांमधील अंतराचा. एक उदाहरण घेऊ. समजा, वर सांगितलेल्या मापाच्या सागवानी तुळया आहेत, गाळा ४ मीटरचा आहे आणि दोन तुळयांमधील अंतर १.२ मीटर आहे. निर्दोष सागवानाचा लहान तुकडा प्रयोगशाळेत दर चौरस सेंटिमीटरला हजार किलोग्रॅमच्या आसपास ताण आल्यावर वाकून मोडतो. प्रत्यक्ष तुळईत मात्र गाठी असतात, चिरा असतात, भार वर्षानुवर्षे राहतो. म्हणून मानके त्याच्या पाचव्या-सहाव्या हिश्श्याहून अधिक ताण येऊ देत नाहीत. आपण जुन्या लाकडासाठी त्याहूनही सावध राहून १०० किलोग्रॅम धरू. या हिशेबाने अशी तुळई सर्व गाळ्यावर सारखा पसरलेला सुमारे ३,१०० किलोग्रॅम भार सुरक्षितपणे वाहील. म्हणजे जमिनीच्या दर चौरस मीटरला ६५० किलोग्रॅम. आकडा भरघोस वाटतो. पण जुन्या माडीची जमीन स्वतःच जड असते. फळ्या, कड्या, त्यांवरील माती-चुन्याचा दहा सेंटिमीटरचा थर आणि फरशी मिळून दर चौरस मीटरला २५० किलोग्रॅम सहज होतात. उरले ४००. माणसे, टेबले, कपाटे आणि ग्रंथ या सर्वांना मिळून एवढेच.

आता तीच तुळई, तेच लाकूड, फक्त गाळा ४ ऐवजी ५ मीटरचा धरा. दर चौरस मीटरचा एकूण भार ६५० वरून सुमारे ४१५ वर येतो. जमिनीचे २५० वजा केले की हाती १६५ उरतात. राहत्या घराच्या खोलीसाठी भारतीय मानक दर चौरस मीटरला सुमारे २०० किलोग्रॅम धरावयास सांगते, त्याच्याही हे खाली आहे. गाळ्यात एका मीटरची वाढ झाली आणि वापरावयाची शक्ती निम्म्याहून कमी झाली. दोन दालनांमधील खांब अडचणीचा म्हणून काढून टाकण्याची आणि दालन प्रशस्त करण्याची हौस अनेक संस्थांना असते. त्या हौसेची किंमत या आकड्यांत आहे.

मानकाचा उल्लेख झाला म्हणून ग्रंथालयांसाठी ते काय म्हणते हेही सांगतो. इमारतींवरील भारांविषयीच्या १९८७ सालच्या भारतीय मानकानुसार, ग्रंथभांडार वेगळे असलेल्या वाचनकक्षासाठी दर चौरस मीटरला सुमारे ३०० किलोग्रॅम भार धरावा. भांडार वेगळे नसेल तर ४००. पण खुद्द ग्रंथभांडारासाठी २.२ मीटर उंचीपर्यंत ६०० आणि त्याहून अधिक उंचीच्या प्रत्येक मीटरला आणखी २०० धरावेत. वाचनकक्ष आणि ग्रंथभांडार हे आपल्या बोलण्यात शेजारी येणारे शब्द आहेत. तुळईच्या दृष्टीने त्यांत दुपटीचे अंतर आहे. आपण घेतलेल्या उदाहरणातील माडी वाचनकक्ष म्हणून निर्धोक आहे. ग्रंथभांडार म्हणून ती अपुरी आहे. वास्तू तीच, तुळया त्याच; खोलीचा उपयोग तेवढा बदलला.

मानक एवढा भार का धरते, हे पाहण्यासाठी आपले साधे लोखंडी रॅक घ्या. ९० सेंटिमीटर रुंदीचे, सहा खणांचे. त्यात ग्रंथांची एकूण रांग ५.४ मीटर भरते. साध्या कापडी बांधणीच्या ग्रंथांचा भार रांगेच्या दर मीटरला ३० किलोग्रॅमच्या आसपास धरला, तर रॅकच्या स्वतःच्या वजनासह २०० किलोग्रॅम झाले. पाठीला पाठ लावून दोन रॅक आणि पुढे ऐसपैस वाट ठेवली, तर सरासरी भार दर चौरस मीटरला ३०० च्या घरात राहतो. पण जागा वाचवण्यासाठी वाटा अरुंद केल्या आणि साध्या ग्रंथांच्या जागी वृत्तपत्रांच्या बांधीव फायली ठेवल्या, की चित्र पालटते. त्या फायली तेवढ्याच लांबीला साध्या ग्रंथांच्या दुपटीहून अधिक भरतात. म्हणजे ज्या वस्तू आपण माडीवर नेऊ पाहतो, त्याच आपल्या संग्रहातील सर्वांत जड वस्तू आहेत. शिवाय छप्पर गळले तर भिजलेला कागद स्वतःच्या वजनाच्या निम्म्याइतके, प्रसंगी त्याहून अधिक पाणी शोषून घेतो. पुराच्या भयाने वर नेलेला ग्रंथ पावसाने वरच भिजला, तर दोन्ही संकटे एकत्र येतील.

तिसरा भाग काळाचा. ‘शंभर वर्षे उभी आहे, तिला काय होणार?’ हा युक्तिवाद आपण सर्वांनी ऐकला आहे. अठराव्या शतकात फ्रान्समध्ये ब्यूफाँ या निसर्गशास्त्रज्ञाने ओक लाकडाच्या मोठमोठ्या तुळयांवर प्रयोग केले. ज्या भाराने तुळई तत्काळ मोडते, त्याच्या दोन-तृतीयांश भार तिच्यावर कायम ठेवला, तर ती काही महिन्यांनी मोडते, असे त्याला आढळले. लाकूड थोडा वेळ जे सोसते ते कायम सोसत नाही. विसाव्या शतकातील अमेरिकन प्रयोगांनीही हेच सांगितले की दहा वर्षे टिकणाऱ्या भारासाठी लाकडाची ताकद प्रयोगशाळेतील ताकदीच्या सुमारे साठ टक्केच धरावी. श्रोते येतात, दोन तास बसतात आणि जातात. ग्रंथ येतात ते राहण्यासाठी. वर्षाला पाचशे ग्रंथांची भर पडली आणि प्रत्येक ग्रंथ अर्ध्या किलोचा धरला, तर वीस वर्षांत पाच टन वजन वाढते. शंभर वर्षांपूर्वी जो भार या तुळयांवर होता, तो आज नाही. म्हणून कालचे उभे राहणे हा उद्याचा पुरावा होऊ शकत नाही.

मात्र लाकूड सहसा सूचना दिल्यावाचून मोडत नाही. ‘मोडेन पण वाकणार नाही’ हा बाणा माणसाला शोभतो. तुळईच्या बाबतीत वाकणे हाच तिचा सज्जनपणा आहे. कायम भाराखाली लाकडाला वर्षानुवर्षे बाक येत जातो. लाकडी तुळईचा बाक साधारणपणे गाळ्याच्या २४० व्या हिश्श्याहून अधिक नसावा, असा संकेत आहे; ४ मीटरच्या गाळ्यास हा सुमारे १.७ सेंटिमीटर होतो. जुना, स्थिरावलेला बाक फारसा चिंतेचा नसतो. दरवर्षी वाढणारा बाक चिंतेचा असतो. तो वाढतो की नाही हे मोजल्यावाचून कळत नाही, आणि मोजण्यासाठी तुळईच्या दोन टोकांत ताणून बांधलेली एक दोरी व एक मोजपट्टी पुरते.

चौथा भाग आधारांचा. तुळई मध्ये वाकते, म्हणून आपण मध्येच पाहतो. ती कुजते बहुधा टोकांना. भिंतीत रोवलेल्या टोकांना ओल लागते, वारा लागत नाही. वाळवीलाही हीच जागा मानवते. वरून रंगवलेली, भरीव दिसणारी तुळई भिंतीच्या आत पोकळ झालेली असू शकते. ठोकल्यावर येणारा बद्द आवाज, अणकुचीदार हत्यार सहज आत जाणे, भिंतीवर चढलेल्या मातीच्या नळ्या, जमिनीवर पडणारा बारीक भुसा, ही त्याची लक्षणे आहेत. लांबीच्या दिशेने गेलेल्या बारीक चिरा लाकूड वाळताना पडतात आणि बहुधा निरुपद्रवी असतात. तुळईच्या खालच्या अंगास धाग्यांना छेदून जाणारी चीर दिसली तर मात्र त्याच दिवशी वरचे दालन मोकळे करावे. पंख्याचा हूक अथवा विजेची नळी बसवण्यासाठी तुळईच्या खालच्या अंगास मध्यभागी खाच घेणे म्हणजे जिथे ताण सर्वाधिक तिथेच लाकूड कमी करणे.

खांबाचा न्याय वेगळा आहे. आखूड खांब चिरडून निकामी होतो; सडपातळ व उंच खांब त्याच्या कितीतरी आधी बाजूला झुकून निकामी होतो. ऑयलरने १७४४ साली दाखवून दिले की अशा सडपातळ खांबाची उंची दुप्पट केली तर त्याची शक्ती चतुर्थांश होते. ‘तुळईखाली मध्ये एक टेकू देऊन टाकू’ असे आपण सहज म्हणतो. तो उपाय चांगला आहे. त्याने तुळईवरचा ताण खूपच कमी होतो. पण मग एकूण भारापैकी पाच-अष्टमांश भार त्या टेकूवर येतो. आपल्या उदाहरणात ग्रंथभांडाराचा पूर्ण भार धरला तर हे अडीच टन झाले. एवढे वजन खालच्या फरशीवर टेकवून चालत नाही; त्यासाठी स्वतंत्र पाया घ्यावा लागतो.

तुळई आणि खांब दोन्ही धड असूनही त्यांच्यामधला सांधा दुबळा असू शकतो. याचे दारुण उदाहरण लाकडाचे नसून पोलादाचे आहे, तरी धडा तोच आहे. अमेरिकेतील कॅन्सस सिटी येथे हयात रीजन्सी हॉटेलात एकावर एक असे दोन अधांतरी मार्ग छतापासून पोलादी गजांनी टांगले होते. मूळ आराखड्यात एकच अखंड गज दोन्ही मार्गांतून जाणार होता. बांधकामाच्या सोयीसाठी त्याचे दोन तुकडे केले गेले आणि खालचा मार्ग वरच्या मार्गाच्या तुळयांना टांगला गेला. त्यामुळे वरच्या सांध्यावर दुप्पट भार आला. १७ जुलै १९८१ रोजी समारंभाची गर्दी असताना ते मार्ग कोसळले आणि ११४ माणसे दगावली. बदल कागदावर क्षुल्लक दिसत होता. भार कोणत्या वाटेने खाली उतरतो, हे त्या बदलाच्या वेळी कोणी पुन्हा तपासले नव्हते.

ही वाट आधी आखून ग्रंथालय कसे बांधावे, याचा आदर्श आपल्याच शहरात आहे. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १९१० साली अमेरिकेहून बॉर्डन यांना पाचारण करून बडोदे संस्थानातील ग्रंथालय चळवळीची घडी बसवली. पुढे १९३१ मध्ये सेंट्रल लायब्ररीची वास्तू उभी राहिली. तिच्या ग्रंथभांडारातील लोखंडी फडताळे आणि काचेची जमीन पाहून आपण लहानपणी विस्मित झालो असू. अशा बहुमजली फडताळांच्या रचनेतील तत्त्व असे की ग्रंथांचा भार मजल्याच्या जमिनीवर टाकायचाच नाही. फडताळांचे उभे लोखंडी दांडेच एकावर एक उभे राहून तो सरळ पायापर्यंत नेतात. जमीन फक्त चालणाऱ्या माणसांपुरती. म्हणूनच ती काचेची असू शकते. ग्रंथसंग्रह वाढणार हे गृहीत धरून ती वास्तू बांधली गेली. आपली वास्तू वाड्याच्या धर्तीची आहे; तिने ग्रंथांना आपल्यात सामावून घेतले. म्हणून तिच्याशी अधिक सांभाळून वागले पाहिजे.

आता कार्यकारी मंडळापुढे आणि आपणा सर्वांपुढे काही विनंत्या ठेवतो. माडीवर काहीही नेण्यापूर्वी जुन्या लाकडी बांधकामाचा अनुभव असलेल्या अभियंत्याकडून प्रत्येक तुळई, तिची दोन्ही टोके, खांब आणि तळखडे तपासून घ्यावेत. मी दिलेले आकडे समजुतीसाठी आहेत. आपल्या तुळयांचे आकडे मोजूनच काढले पाहिजेत. दरम्यान, माडीवर आज जी जड कपाटे गाळ्याच्या मध्यभागी आहेत, ती भिंतीलगत आणावीत. ४ मीटरच्या गाळ्यात मध्यावर ठेवलेले वजन भिंतीपासून अर्ध्या मीटरवर आणले, तर त्यामुळे तुळईवर येणारा ताण निम्म्याहून कमी होतो. यासाठी पैसाही लागत नाही. कपाटांची रांग एकाच तुळईवर लांबीने न ठेवता अनेक तुळयांना आडवी ठेवावी. बांधीव फायली तूर्त तळमजल्यावरच, पण पुराच्या पातळीहून उंच पक्क्या ओट्यावर ठेवाव्यात. शताब्दीचा सांगता समारंभही अंगणातच करावा. उभ्या गर्दीच्या सभागृहासाठी मानक दर चौरस मीटरला सुमारे ५०० किलोग्रॅम धरते आणि आपली माडी त्यासाठी बांधलेली नाही.

शेवटची सूचना एका वहीची आहे. ग्रंथ आला की आपण दाखल नोंदवहीत त्याचा क्रमांक, लेखक आणि किंमत लिहितो. तिच्याशेजारी भाराची एक नोंदवही असावी. कोणत्या दालनात किती रॅक आहेत, अंदाजे किती वजन आहे, दर वर्षी पावसाळ्यानंतर प्रत्येक तुळईचा बाक किती भरला, एवढेच तीत लिहावे. दालनाच्या दाराशी त्याची भारमर्यादा लिहिलेली पाटी असावी. ग्रंथसंग्रह देणगी म्हणून स्वीकारताना तो कोठे ठेवावयाचा, हे आधी त्या वहीत पाहावे. आश्रयदात्यांना माझी विशेष प्रार्थना आहे. ग्रंथांसाठी आपण सढळ हाताने दिले आहे. या वर्षी एखादी देणगी तुळयांच्या तपासणीसाठी आणि दुरुस्तीसाठी द्यावी. तिच्यावर आपले नाव कोरलेले कोणाला दिसणार नाही; पण पुढील शंभर वर्षांचे ग्रंथ तिच्यावर उभे राहतील.